सॅव्हॉयची १८३४ ची मोहीम : सीमेपलीकडून आलेल्या एका फसलेल्या उठावाची मीमांसा

प्रस्तावना

इटलीच्या एकीकरणाचा इतिहास आपल्या पदवी अभ्यासक्रमात अनेक दशकांपासून शिकविला जात आहे. मॅझिनी हा त्या चळवळीचा आत्मा, काव्हूर हा मेंदू आणि गॅरिबाल्डी ही तलवार, हे समीकरण विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. तथापि १८३१ साली स्थापन झालेली 'तरुण इटली' ही संघटना आणि १८४८ ची क्रांती यांच्या दरम्यानची सतरा वर्षे बहुतेक क्रमिक पुस्तके एखाद-दुसऱ्या वाक्यात उरकतात. 'मॅझिनीने काही उठाव केले, परंतु ते अयशस्वी ठरले' या आशयाचे ते वाक्य असते. ते उठाव का फसले, कोठे फसले आणि कोणाच्या विरोधामुळे फसले, हा प्रश्न वर्गात सहसा विचारलाच जात नाही. 'अयशस्वी' हा शब्द उच्चारला की अभ्यासकाचे काम संपले, अशी आपली समजूत झालेली दिसते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने हा प्रश्न निव्वळ परदेशाच्या इतिहासाचा नाही. विनायक दामोदर सावरकरांनी लंडनमध्ये असताना मॅझिनीच्या आत्मवृत्ताचा व राजकीय लेखांचा मराठी अनुवाद केला. तो १९०७ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे ब्रिटिश सरकारने त्यावर बंदी घातली. महाराष्ट्रातील एका संपूर्ण पिढीने मॅझिनी वाचला तो प्रामुख्याने या मार्गाने. प्रस्तुत लेखात मॅझिनीच्या पहिल्या प्रत्यक्ष सशस्त्र प्रयत्नाचा, म्हणजे फेब्रुवारी १८३४ मधील सॅव्हॉयच्या मोहिमेचा, विचार केला आहे. ही मोहीम सेनापतीच्या विश्वासघाताने बुडाली, असे सामान्यतः मानले जाते. सेनापती नालायक होता हे खरे धरले तरी मोहिमेचे अपयश ती ज्या भूमीवर नेण्यात आली त्या भूमीच्या निवडीतच होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सॅव्हॉय : प्रदेश आणि सीमा

सॅव्हॉय हा आल्प्स पर्वताच्या पश्चिम उतारावरील डोंगराळ प्रदेश. शांबेरी ही त्याची राजधानी. १८३४ साली तो सार्डिनिया-पीडमाँटच्या राज्याचा भाग होता आणि तेथील राजघराणे मूळचे याच प्रदेशातले असल्याने 'सॅव्हॉय घराणे' म्हणूनच ओळखले जाई. मात्र राजाची राजधानी आल्प्सपलीकडे ट्यूरिनला होती. सॅव्हॉयमध्ये दरबारी व्यवहाराची भाषा फ्रेंच होती आणि खेड्यापाड्यांतून स्थानिक बोली बोलल्या जात. इटालियन ही तेथील लोकांची भाषा नव्हती. १७९२ मध्ये फ्रेंच क्रांतिसैन्याने हा प्रदेश घेऊन फ्रान्सला जोडला आणि नेपोलियनच्या पाडावानंतर, १८१५ साली, तो पुन्हा राजाकडे आला. फ्रेंच अमलाखालील ही वीस-बावीस वर्षे अनेकांच्या स्मरणात होती. असंतुष्ट मध्यमवर्गीय सॅव्हॉयकर पॅरिसकडे व लिआँकडे पाहत असे. मिलान किंवा रोमशी त्याचे भावनिक नाते फारसे नव्हते.

शेतकऱ्याची गोष्ट आणखी निराळी होती. फ्रेंच राज्यक्रांतीच्या आधीच, १७७१ साली, राजा तिसरा चार्ल्स इमॅन्युएल याने एका आज्ञेद्वारे सॅव्हॉयमधील सरंजामी हक्क मोबदला देऊन सोडवून घेण्याची व्यवस्था केली होती. ज्या जोखडातून मुक्त करण्याचे आश्वासन देऊन प्रजासत्ताकवाद्यांनी इतरत्र शेतकऱ्यांना जवळ केले, त्या जोखडाचा प्रश्न येथे दोन पिढ्यांपूर्वीच हाती घेतला गेला होता, आणि तोही राजाकडून. शेतकऱ्याचे दारिद्र्य अर्थातच संपले नव्हते. हिवाळ्यात पुरुष व लहान मुलेसुद्धा धुराडी साफ करण्याच्या किंवा हमालीच्या कामासाठी फ्रान्समधील शहरांत जात. पण या दारिद्र्याला राजा कारणीभूत आहे, असे त्यांना वाटत असल्याची चिन्हे दिसत नाहीत. गावातील धर्मगुरूचा शब्द हाच त्यांच्या लेखी प्रमाण होता.

जिनिव्हाची सीमा समजून घेतल्याशिवाय पुढील घटना नीट उलगडत नाहीत. जिनिव्हा हे कॅल्विनपंथी प्रॉटेस्टंटांचे नगर, तर सॅव्हॉय निष्ठावान कॅथलिक. डिसेंबर १६०२ मध्ये सॅव्हॉयच्या ड्यूकने रात्रीच्या अंधारात शिड्या लावून या नगरावर हल्ला केला होता आणि तो परतवून लावल्याचा उत्सव जिनिव्हाकर दरवर्षी साजरा करीत. १८१६ च्या ट्यूरिनच्या तहाने कारूजसह काही सॅव्हॉयी गावे जिनिव्हाला देण्यात आली. म्हणजे मोहिमेच्या वेळी ही सीमारेषा अवघी अठरा वर्षांची होती. सॅव्हॉयचा शेतकरी जिनिव्हाच्या बाजारात दूधदुभते, भाजीपाला विकत असे. सीमेपलीकडच्या माणसांशी त्याचा व्यवहार रोजचा होता, परंतु पंथभेदाची जाणीवही तितकीच रोजची होती. अशा नगराच्या बाजूने रात्री सशस्त्र परके लोक आले तर तो त्यांना मुक्तिदाते समजेल, ही अपेक्षा मुळातच धाडसाची होती.

परागंदांची जमवाजमव

जिनोआ येथे १८०५ साली जन्मलेल्या मॅझिनीला कार्बोनारी या गुप्त संघटनेचा सभासद म्हणून १८३० मध्ये अटक झाली. सुटकेनंतर नजरकैदेपेक्षा त्याने देशत्याग पसंत केला. १८३१ च्या आरंभी लिआँ येथे जमलेल्या इटालियन परागंदांनी सॅव्हॉयवर चालून जाण्याची तयारी केली होती आणि मॅझिनी त्यांच्यात सामील झाला होता. फ्रेंच सरकारने ती जमवाजमव मोडून काढली. तीन वर्षांनंतरची मोहीम ही या अर्थाने जुनाच बेत होता, हे लक्षात घ्यावयास हवे.

त्याच वर्षी मार्सेय येथे मॅझिनीने 'तरुण इटली' स्थापन केली. चाळिशीच्या आतील सभासद, प्रजासत्ताक आणि एकात्म इटली, शिक्षण व उठाव ही तिची सूत्रे होती. पीडमाँटच्या सैन्यात तिचा प्रसार झपाट्याने झाला. परंतु १८३३ च्या वसंतात कट उघडकीस आला. राजा चार्ल्स अल्बर्टच्या लष्करी न्यायालयांनी सुमारे बारा जणांना देहान्ताची शिक्षा अमलात आणली. मॅझिनीचा बालमित्र याकोपो रुफिनी याने जिनोआच्या तुरुंगात आत्महत्या केली. ऑक्टोबर १८३३ मध्ये मॅझिनीलाही त्याच्या गैरहजेरीत मृत्युदंड ठोठावण्यात आला. तेव्हा तो जिनिव्हात होता.

या घटनांचा क्रम महत्त्वाचा आहे. देशांतर्गत संघटना चिरडली गेल्यानंतर मोहिमेची आखणी झाली. आतील उठावाला बाहेरून मदत, अशी ही योजना उरली नव्हती. आतील उठाव शक्य नाही म्हणून बाहेरून तो पेटवावा, असे तिचे स्वरूप झाले होते. मृत सहकाऱ्यांचे ऋण, जिवंत सहकाऱ्यांची अधीरता आणि विलंब झाला तर संघटनाच विरून जाईल ही भीती, या तिन्हींचे ओझे मॅझिनीवर होते. अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाचा हा निर्णय आहे, हेही विसरू नये.

मनुष्यबळ कोठून आणावयाचे? येथे युरोपातील अन्य पराभवांचा साठा उपयोगी पडला. १८३०-३१ चा पोलंडचा उठाव रशियाने मोडल्यावर हजारो पोलिश सैनिक फ्रान्समध्ये आश्रयास आले होते. त्यांपैकी चारशेहून अधिक जण एप्रिल १८३३ मध्ये फ्रँकफुर्ट येथील जर्मन उठावास साहाय्य करण्यासाठी बझाँसाँहून स्वित्झर्लंडमध्ये शिरले. फ्रँकफुर्टचा उठाव ३ एप्रिल रोजी, सुरू झाला त्याच संध्याकाळी, संपला. फ्रान्स या पोलिशांना परत घेईना आणि स्वित्झर्लंडला ते नकोसे झाले. असे हे अधांतरी सैनिक, काही जर्मन कारागीर व विद्यार्थी आणि इटालियन परागंदा मिळून मॅझिनीचे सैन्य तयार होणार होते. सॅव्हॉयच्या मुक्तीसाठी निघालेल्या दलात सॅव्हॉयकर मात्र अल्प होते.

सेनापती म्हणून जिरोलामो रामोरिनो याची निवड झाली. जिनोआचा हा सैनिक नेपोलियनच्या सैन्यात लढला होता आणि पोलंडच्या उठावात एका दलाचा सेनानी होता. मॅझिनीला त्याच्याविषयी शंका होती, परंतु सहकाऱ्यांना नामांकित सेनापती हवा होता. मॅझिनीने लिहून ठेवल्याप्रमाणे, रामोरिनोला फ्रान्समध्ये दुसरे दल उभारण्यासाठी ४०,००० फ्रँक देण्यात आले आणि ते त्याने जुगारात घालविले. ऑक्टोबर १८३३ मध्ये ठरलेली मोहीम महिन्यामागून महिना पुढे ढकलली गेली. तोवर गुप्तता उरली नव्हती. परागंदांच्या जगात गुप्त गोष्ट चार महिने गुप्त राहणे ही दुर्मीळच घटना. बाजूच्या राज्यांचे वकील आणि हेर सारे काही जाणून होते. त्यातच कार्बोनारी परंपरेचा वृद्ध नेता फिलिप्पो बुओनारोती हा या बेताच्या विरोधात होता आणि त्याचा शब्द मानणारे अनेक जण मागे हटले.

फेब्रुवारी १८३४ चे दिवस

योजना कागदावर सुसंगत होती. जिनिव्हाकडून येणाऱ्या दलांनी सीमेलगतचे सँ-झ्युलियाँ घ्यावे. फ्रान्समधील ग्रनोब्लच्या बाजूने दुसरी तुकडी दक्षिणेकडून शिरावी. त्याच सुमारास जिनोआ बंदरात नौसैनिकांनी उठाव करावा. रामोरिनो ३१ जानेवारी रोजी जिनिव्हात पोहोचला. त्याच्यासोबत सैन्य नव्हते, मोजके सहकारी होते.

न्यों येथून सरोवर ओलांडून येणारे पोलिश सैनिक आणि त्यांची शस्त्रे स्विस अधिकाऱ्यांच्या हाती सापडली. जर्मनांच्या काही तुकड्या वाटेतच अडविल्या गेल्या. १ फेब्रुवारीच्या रात्री कारूजजवळ जमलेले लोक दोन-अडीचशेच भरले. त्यांनी सीमा ओलांडून आनमास गाठले, जकात नाक्यावरील राजचिन्हे उतरविली, स्वातंत्र्यवृक्ष लावला आणि जाहीरनामा वाचला. लोकांनी विरोध केला नाही, पण कोणी सामीलही झाले नाही. गावकऱ्यांचे हे पाहत राहणे प्रस्तुत लेखकास साऱ्या मोहिमेतील सर्वांत बोलकी घटना वाटते.

यानंतर रामोरिनोने सँ-झ्युलियाँची दिशा सोडून सरोवराच्या काठाने दल फिरविले. पोलिशांची गाठ पडावी हा हेतू असल्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. थंडीत, अपुऱ्या अन्नावर हे दल शत्रूचे दर्शनही न होता चालत राहिले. तापाने फणफणलेला मॅझिनी खांद्यावर बंदूक घेऊन सामान्य सैनिकाप्रमाणे चालत होता. रात्री गोळीबाराचे आवाज आले तेव्हा तो धावत निघाला आणि बेशुद्ध पडला. शुद्धीवर आला तेव्हा तो स्विस हद्दीत होता. रामोरिनोने दल बरखास्त केले आणि सारे आले त्या वाटेने परतले.

ग्रनोब्लकडील तुकडीने लेझ एशेल येथे सीमा ओलांडली आणि तेथे मात्र रक्त सांडले. ३ फेब्रुवारी रोजी जोव्हानी बात्तिस्ता स्कापाच्चिनो हा घोडेस्वार शिपाई या तुकडीच्या हाती लागला. प्रजासत्ताकाचा जयजयकार करण्यास त्याने नकार दिला व तो मारला गेला, अशी अधिकृत हकीकत आहे. सार्डिनियाच्या राज्यातील शौर्याचे पहिले सुवर्णपदक त्याला मरणोत्तर देण्यात आले. उलट बाजूस, पकडले गेलेले व्होलोन्तिएरी आणि बोरेल या दोघांना त्याच महिन्यात शांबेरीत गोळ्या घालण्यात आल्या. मोहिमेने निर्माण केलेला पहिला लोकप्रिय हुतात्मा राजाच्या पक्षाचा निघाला, याची नोंद मॅझिनीच्या चरित्रांतून क्वचितच आढळते.

जिनोआतील भाग तर घडलाच नाही. २६ वर्षांचा जुझेप्पे गॅरिबाल्डी डिसेंबर १८३३ मध्ये नौदलात दाखल झाला होता. ४ फेब्रुवारीच्या संध्याकाळी तो जहाजावरून किनाऱ्यावर उतरला आणि ठरलेल्या चौकात सहकाऱ्यांची वाट पाहू लागला. कोणी आले नाही. एका फळविक्रेत्या स्त्रीने त्याला आसरा दिला. शेतकऱ्याच्या वेषात तो नीसमार्गे मार्सेयला पोहोचला आणि आपल्याला झालेल्या मृत्युदंडाची बातमी त्याने वर्तमानपत्रात वाचली. पुढे तो दक्षिण अमेरिकेस गेला व १८४८ पर्यंत परतला नाही. गनिमी युद्धाचे जे शिक्षण त्याला तेथे मिळाले, ते या फसलेल्या संध्याकाळचे फलित म्हणावे लागेल.

अपयशाची मीमांसा

रामोरिनोच्या जागी कर्तबगार सेनापती असता तर? सँ-झ्युलियाँ कदाचित हाती आले असते. पण पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर चौदा वर्षांनी अनायासे मिळाले. मार्च १८४८ च्या अखेरीस, पॅरिसमधील क्रांतीनंतर, लिआँमधील सॅव्हॉयी कामगार आणि त्यांचे फ्रेंच सोबती शांबेरीकडे निघाले. राजाचे सैन्य त्या वेळी ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धात गुंतले होते. ३ एप्रिल रोजी त्यांनी शांबेरी विनासायास घेतली आणि प्रजासत्ताक घोषित केले. दुसऱ्याच दिवशी चर्चच्या घंटा वाजल्या, आसपासच्या खेड्यांतील शेतकरी काठ्या-कोयत्यांनिशी शहरात घुसले आणि त्यांनी या मंडळींना हुसकावून लावले. संख्या हजारांच्या घरात होती, सेनापतीचा दगा नव्हता, समोर फौज नव्हती, आणि निघालेल्यांपैकी अनेक जण तर त्याच भूमीचे पुत्र होते. तरीही ही सत्ता एक दिवस टिकली. १८३४ चे अपयश एका माणसाच्या माथी मारता येत नाही, हे दाखविण्यास एवढे पुरेसे आहे.

परागंदा आपली रणभूमी कशी निवडतात? सॅव्हॉय निवडला गेला तो तेथील लोक उठावाला सज्ज होते म्हणून नव्हे. तो जिनिव्हा आणि लिआँ या आश्रयस्थानांच्या उंबरठ्याला लागून होता, हे त्याचे मुख्य कारण. नकाशावर तो शत्रूच्या राज्याचा सर्वांत जवळचा कोपरा होता. पण जवळचा कोपरा हा सर्वांत दुबळा कोपरा असतोच असे नाही. आणि आल्प्सच्या भिंतीमुळे तो उर्वरित पीडमाँटपासून इतका वेगळा पडला होता की तेथे लागलेली आग पलीकडे पोहोचणे हिवाळ्यात जवळपास अशक्य होते. परागंदांना देशाची बातमी मिळते ती पत्रांतून आणि नव्याने पळून आलेल्या माणसांकडून. असंतोष असलेलेच लोक पळून येतात. त्यामुळे सारा देश असंतुष्ट आहे, असे चित्र त्यांच्यासमोर उभे राहते.

पुढेही हाच क्रम दिसतो. १८४४ मध्ये कॉर्फूहून कालाब्रियात उतरलेले बांदिएरा बंधू सहकाऱ्यांसह पकडले जाऊन मारले गेले. १८५७ मध्ये साप्री येथे उतरलेल्या पिसाकानेचा शेवट शेतकऱ्यांच्या हल्ल्यात झाला. याउलट १८६० मध्ये गॅरिबाल्डी सिसिलीत यशस्वी झाला. तो ११ मे रोजी मार्साला येथे उतरण्यापूर्वीच, ४ एप्रिल रोजी, पालेर्मोत उठाव झाला होता व खेड्यांत धग शिल्लक होती. बाहेरून आलेले दल पेटलेल्या आगीस वारा घालू शकते. ओल्या लाकडावर त्याचे काही चालत नाही.

साधनांचा प्रश्न आणि मराठी वाचन

या मोहिमेचा आपल्याला परिचित असलेला वृत्तान्त मुख्यतः मॅझिनीने स्वतः, १८६१ च्या सुमारास आपल्या लेखसंग्रहासाठी लिहिलेल्या आत्मवृत्तपर टिपणांतून आलेला आहे. म्हणजे घटनेनंतर सत्तावीस वर्षांनी. जुगार, दिरंगाई आणि दगा यांचा तपशील तेथूनच पुढील चरित्रांत शिरला. मॅझिनी स्वतःला दोषमुक्त ठरवतो असे मात्र नाही. १८३६ च्या अखेरीस, स्वित्झर्लंडमध्ये लपून राहत असताना, आलेल्या मानसिक संकटाचे त्याने केलेले वर्णन वाचताना आजही मन अस्वस्थ होते. ज्या मातांची मुले आपल्या शब्दाखातर मेली त्यांना आपण काय उत्तर देणार, या विचाराने तो वेड्याच्या सीमेवर पोहोचला होता. यातून तो बाहेर पडला तो कर्तव्यकल्पनेच्या आधाराने. फळ मिळो न मिळो, कर्तव्य टळत नाही, ही त्याची भूमिका भारतीय वाचकाला चटकन आपलीशी वाटली तर नवल नाही.

सावरकरांच्या पिढीने मॅझिनीतून नेमके हेच घेतले. त्यांच्या 'अभिनव भारत' या संघटनेवर 'तरुण इटली'ची छाया स्पष्ट आहे. लंडन-पॅरिसमधील भारतीय क्रांतिकारकांची स्थिती जिनिव्हातील इटालियनांहून फार निराळी नव्हती, हेही या आकर्षणाचे कारण असावे. महात्मा गांधींनी १९०९ च्या 'हिंद स्वराज्य'मध्ये इटलीचाच दाखला घेऊन विरुद्ध निष्कर्ष काढला : शस्त्राने मिळालेली इटली मॅझिनीच्या स्वप्नातली नव्हती. दोन्ही वाचने साधनांच्या नैतिकतेभोवती फिरतात. आनमासच्या चौकात उभा राहून निमूटपणे पाहणारा शेतकरी दोहोंपैकी कोणाच्याही चर्चेचा मुख्य विषय नाही. अध्यापकाने वर्गात मॅझिनी शिकविताना या शेतकऱ्यालाही साक्षीदार म्हणून बोलावले, तर विद्यार्थ्यांना राष्ट्रवाद ही तयार वस्तू नसून घडविली जाणारी गोष्ट आहे, हे समजावून देणे सुकर होईल, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

उत्तरकथा

मोहिमेनंतर दोन महिन्यांनी, १५ एप्रिल १८३४ रोजी, बर्न येथे इटालियन, पोलिश व जर्मन परागंदांनी 'तरुण युरोप'ची स्थापना केली. ऑस्ट्रिया, सार्डिनिया व जर्मन राज्यांच्या दडपणाखाली स्वित्झर्लंडने परागंदांना बाहेर काढण्यास आरंभ केला आणि जानेवारी १८३७ मध्ये मॅझिनी लंडनला पोहोचला. सॅव्हॉयचा प्रश्न मात्र वाटाघाटींच्या मेजावर सुटला. २४ मार्च १८६० च्या ट्यूरिनच्या तहाने काव्हूरने तो फ्रान्सला देऊन टाकला आणि एप्रिलमधील सार्वमतात १,३०,५३३ मते विलीनीकरणाच्या बाजूने, तर २३५ विरोधात नोंदली गेली. असल्या सार्वमताचे आकडे किती गंभीरपणे घ्यावेत, हा निराळा विषय आहे. परंतु इटलीच्या मुक्तीचा पहिला प्रयोग ज्या भूमीवर झाला ती भूमी इटलीत राहिली नाही.

रामोरिनोला राजाच्या सैन्यानेही पुढे सेनापतिपद दिले. मार्च १८४९ मध्ये ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धात ला कावा येथे ठाण मांडून राहण्याचा हुकूम त्याने पाळला नाही, ऑस्ट्रियन सैन्याने तिचिनो नदी ओलांडली आणि २३ मार्च रोजी नोव्हारा येथे पीडमाँटचा पराभव झाला. लष्करी न्यायालयाने त्याला दोषी ठरविले व २२ मे १८४९ रोजी ट्यूरिन येथे गोळ्या घालण्यात आल्या. त्यामुळे मॅझिनीने १८३४ ची हकीकत लिहिली तेव्हा रामोरिनोला मरून बारा वर्षे झाली होती आणि तिला उत्तर देणे त्याला शक्य नव्हते.